मांजराला तापाची गोळी देऊ नका

महोदय,

गेल्या आठवड्यात 'वाचकांची पत्रे'मध्ये मांजरांच्या घरगुती उपचारांवर एक पत्र आले होते. मांजर गरम लागले तर लहान मुलांचे तापाचे औषध चमचाभर पाजावे, असे त्यात लिहिले होते. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण मी वाईत 31 वर्षे औषधांचे दुकान चालवतो आणि असाच सल्ला मी स्वतः एकदा काउंटरवरून दिलेला आहे. त्याचे पुढे काय झाले, ते सांगायला हे पत्र.

पावसाळ्याचे दिवस होते. शेजारच्या वहिनी संध्याकाळी दुकानात आल्या. त्यांचा बोका दोन रात्री बाहेर काढून परत आला होता. खाईना, पलंगाखालून हलेना, अंग तापलेले. "भाऊजी, काहीतरी द्या ना त्याला." मी तापाची पाचशे मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल अर्धी मोडून दिली आणि दुधातून घाला म्हणालो. सकाळी पाहतो तर बोक्याचे तोंड सुजलेले, हिरड्या मातकट, धाप लागलेली. टोपलीत घालून आम्ही त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रक्त काढले, ते सिरिंजमध्ये लाल नव्हतेच, चॉकलेटी होते. त्यांनी पहिला प्रश्न केला, "गोळी कोणती दिलीत?" वहिनींनी माझ्याकडे पाहिले. दुपारी बोका गेला.

त्याच्या शेपटीच्या मुळाशी, केसांखाली, लिंबाएवढे गळू होते. दुसऱ्या बोक्याचा दात लागला होता. मांजराचा दात सुईसारखा. वरचे भोक लगेच मिटते, आत पू धरतो आणि ताप चढतो. बाहेर हिंडणाऱ्या बोक्यांत हे नेहमीचे दुखणे आहे. गळू फोडून पू काढला असता, अँटिबायोटिक दिले असते, तर तो बहुधा बरा होऊन पुन्हा कौलांवर चढला असता.

आपल्या यकृतात पॅरासिटामॉलचा निचरा करणारी जी यंत्रणा असते, ती मांजरात फारच दुबळी असते. साठलेल्या औषधातून विषारी घटक तयार होतो आणि तो रक्तातले हिमोग्लोबिनच बिघडवतो. मग छाती कितीही भरभर हलली तरी प्राणवायू अंगाला पोचत नाही. हिशेब पाहा. साठ किलोच्या माणसाने पाचशेची गोळी घेतली तर किलोमागे आठ मिलिग्रॅम होतात. साडेतीन किलोच्या त्या बोक्याला मी किलोमागे सत्तर दिले. मांजराला किलोमागे दहानेही विषबाधा झाल्याची नोंद आहे. मुलांच्या पातळ औषधात पाच मिलिलिटरला 250 मिलिग्रॅम असेल, तर त्या पत्रातल्या एका चमच्यात माझ्या अर्ध्या गोळीइतकेच विष आहे, आणि किलोभराच्या पिल्लाला तर ते काहीच शिल्लक ठेवणार नाही.

मला आजही झोंबते ते वेगळेच. यावरचा उतारा, अ‍ॅसिटिलसिस्टीन, माझ्याच कपाटात होता. कफ पातळ करायला आम्ही तो रोज विकतो. पहिल्या काही तासांत डॉक्टरांच्या हातून तो मिळाला असता, तर जीव वाचण्याची आशा होती. मी रात्री शांत झोपलो होतो.

मांजर हाताला गरम लागणे म्हणजे ताप नव्हे, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्याचे नेहमीचे तापमान साधारण 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असते. खरा ताप असला तर त्यामागे गळू असेल, शिंका आणि तोंडात फोड आणणारा मांजरांचा फ्लू असेल, किंवा लस न दिलेल्या पिल्लात उलट्या-जुलाब करून दोन-तीन दिवसांत जीव घेणारा पॅनल्यूकोपेनिया. यांतले एकही दुखणे तापाच्या गोळीने बरे होत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आठवत असेल. ते दिलेली गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडे मेली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. एकाचे औषध दुसऱ्याचे विष होते, हे आपल्या धंद्याने एकदा पाहिलेले आहे. पॅरासिटामॉलवर बंदी मी मागत नाही. गोळी देताना फक्त विचारा, "कोणासाठी?"

त्या दिवसापासून माझ्या काउंटरवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. ज्यांना हवी त्यांनी उतरवून घ्यावी:

"मांजराला पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये. चुकून दिले असल्यास लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्याकडे न्यावे. गोळीची स्ट्रिप सोबत न्यावी आणि किती वाजता, किती दिले ते सांगावे."

आपला,
एक औषधविक्रेता, वाई (जि. सातारा)