कॉम्प्युटरच्या स्पर्धेचा पहिला पेपर मराठीत का नाही?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यातल्या एका शाळेवर कॉम्प्युटर शिकवतो. पत्र जरा लांब होणार आहे पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती. आमच्या शाळेत दिवाळी झाली की बाकं रिकामी व्हायला लागतात, आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात, काही लेकरं सोबत जातात, काही आजीकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. ह्याच लेकरांना घेऊन मी सात-आठ वर्षं झाली कॉम्प्युटरच्या स्पर्धांची तयारी करून घ्यायलोय आणि त्यात जे दिसलं ते तुमच्या वाचकांपुढं ठेवावं म्हणून लिहायला बसलो.

दरवर्षी नीटचा निकाल लागला की तुमच्या पेपरात पानभर फोटो येतात. चांगली गोष्ट आहे, त्यातली बरीच आपल्याच भागातली शेतकऱ्याची पोरं असतात, लातूर पॅटर्ननं मराठवाड्याला एवढं तर दाखवून दिलं की बैठक मारून अभ्यास केला की आपलं लेकरू कुठंही कमी पडत नाही. पण ती सगळी बैठक, ते सगळे क्लास, तो सगळा पैसा फक्त नीट आणि जेईई ह्या दोनच परीक्षांच्या मागं लागलाय. कॉम्प्युटरच्या ऑलिंपियाडचं नाव काढलं तर स्टाफरूममध्ये सुद्धा विचारतात, "सर ते खेळाचं असतंय का?"

खेळाचं नसतं. गणिताचं जसं जागतिक ऑलिंपियाड आहे तसं कॉम्प्युटरचं पण आहे, १९८९ ला बल्गेरियात सुरू झालं, भारत २००२ पासून त्यात भाग घेतो आणि देशाची टीम फक्त चार शाळकरी मुलांची असते. दोन दिवस पेपर, एका दिवसाला पाच तास आणि तीनच प्रश्न. आता त्या चार जणांत जायची पहिली पायरी काय, तर झोनल इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाड, आणि ह्या पहिल्या पायरीला कॉम्प्युटर लागतच नाही! तीन तासांचा लेखी पेपर असतो, चार प्रश्न, प्रत्येकाचे तीन भाग, डोकं चालवायचं आणि उत्तराचा नुसता आकडा लिहायचा. कोडिंगच्या परीक्षेतून जायचा दुसरा रस्ता पण आहे, ज्यांच्याकडं सोय आहे त्यांनी तिकडून जावं. पण पहिल्या पायरीला कॉम्प्युटर लागत नाही हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती, कारण आमच्या लॅबमधल्या दहा मशीनपैकी तेव्हा दोन चालू होत्या आणि त्या पण लाईट असली तर.

लॅबची गोष्ट थोडक्यात सांगतो. आयसीटी नावाच्या सरकारी योजनेतून अनेक शाळांना कॉम्प्युटर आले, सोबत शिक्षक पण आले, पण ते एका कंपनीच्या करारावर, पाच वर्षांसाठी. मी त्यातलाच. पाच वर्षं संपली, कंपनीनं हात वर केले, मशीन शाळेत राहिल्या आणि मी घरी. नंतर संस्थेनं तासिकेवर घेतलं म्हणून आज शिकवतोय. असे किती जण घरीच बसले, कुणी झेरॉक्सचं दुकान टाकलं, कुणी मोबाईल रिपेअरिंग करतंय. शिकवणारा माणूसच गेला तर लॅब काय करणार, उंदरांनी वायरी खाल्ल्या.

तर मग मी खडू-फळ्यावरच सुरू केलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोन तास, ज्याला बसायचं त्यानं बसावं, फी नाही. पहिल्या दिवशी मी काय घेतो तर कापरेकरांचा आकडा. द. रा. कापरेकर, देवळालीला शाळेत मास्तर होते, मोठी डिग्री नव्हती, त्यांनी १९४९ ला दाखवून दिलेली ही गंमत आज जगभर ६१७४ म्हणून ओळखतात. कोणताही चार आकडी नंबर घ्यायचा, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडं मांडायचे, मग उलटे मांडायचे आणि वजा करायचे. समजा ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि पुढं कितीही करा ६१७४ च येतं. जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं. वर्गात तीस लेकरं तीस वेगळे आकडे घेतात आणि पाच मिनिटात सगळ्यांच्या वहीत तोच आकडा आला की जो कालवा होतो ना, तो ऐकायला या एकदा. मग मी सांगतो की बघा, तुम्ही आत्ता जे केलं त्यालाच लूप म्हणतात, ठरलेली कृती परत परत करायची आणि कधी थांबायचं ते आधी ठरवायचं.

दुसऱ्या शनिवारी गल्ल्यांचं गणित. फळ्यावर चार बाय चारच्या चौकटी काढायच्या, त्यांच्या रेषा म्हणजे गल्ल्या, वरच्या डाव्या कोपऱ्यात घर, खालच्या उजव्या कोपऱ्यात शाळा, रेषेवरूनच फक्त उजवीकडं नाहीतर खाली जायचं, तर एकूण किती रस्ते? लेकरं बोटानं मोजायला लागतात, वीस-पंचवीसपर्यंत जातात आणि गोंधळतात. मग एखादं पोरगं थांबून म्हणतं की सर, ह्या कोपऱ्यावर यायला वरून नाहीतर डावीकडूनच येता येतंय, मग त्या दोन्ही कोपऱ्यांचे रस्ते मिळवले की झालं की! तिथून पुढं मला बोलावं लागत नाही, प्रत्येक कोपऱ्यावर आकडा लिहीत जातात आणि शेवटी ७० येतात. मग मी म्हणतो बरोबर मधल्या चौकात पाइपलाईनसाठी खोदून ठेवलंय, तिथून जाता येत नाही, आता सांगा. तिथं शून्य लिहायचं आणि परत मिळवत जायचं, ३४ येतात. हेच पुढं इंजिनिअरिंगला गेल्यावर डायनॅमिक प्रोग्रामिंग म्हणून शिकवतात आणि तिथं भल्याभल्यांना घाम फुटतो. आमची सातवीची लेकरं ते खडूनं करतात. ह्यात मशीन कुठं लागली सांगा.

मशीन लागत नाही असं मात्र मला म्हणायचं नाही, गैरसमज नको. पुढच्या पायऱ्यांना कोडिंग लागतंच आणि तिथं आपल्याकडं वेगळीच अडचण आहे. बारावी सायन्सला बायफोकलचा म्हणजे द्विलक्षी अभ्यासक्रमाचा कॉम्प्युटर सायन्स विषय असतो, २०० मार्काचा. माझा एक विद्यार्थी त्याला ॲडमिशन घेऊन गेला, हुशार पोरगा, तिथं त्याला सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवली ती टर्बो नावाच्या जुन्या कंपायलरच्या (लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणारं सॉफ्टवेअर) निळ्या स्क्रीनवर. त्यानं स्पर्धेच्या सरावाला पहिला प्रोग्राम टाकला तर वर आयओस्ट्रीम डॉट एच आणि खाली व्हॉइड मेन अशा जुन्या पद्धतीच्या ओळी, आजचा कंपायलर दोन्ही घेत नाही, नुसती एररची रांग. ते दुरुस्त केलं तर पुढं अजून एक. टर्बोमध्ये साधा इंट म्हणजे पूर्ण संख्या ठेवायचा खण ३२,७६७ पर्यंतच जातो, त्याच्या पुढं गेला की उत्तर उणे यायला लागतं, आजच्या कंपायलरमध्ये तोच इंट २१४ कोटीच्या पुढं जातो. पोराला वाटत होतं आपलंच लॉजिक चुकतंय, तीन आठवडे त्यात गेले. त्याच विषयात ८०८५ मायक्रोप्रोसेसर पण शिकवतात, इंटेलनं १९७६ ला काढलेली चिप आहे ती. शिकवू नका म्हणत नाही, मशीन आतून कशी चालते ते तिच्यावर चांगलं कळतं, पण सोबत आजचा कंपायलर तरी द्या, तो फुकट मिळतो.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. दोन पोरं आणि आठवीतली एक मुलगी घेऊन मी पुण्याला लेखी परीक्षेला गेलो होतो. ही परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास येते म्हणजे ऐन ऊसतोडीत. मुलीचे आईवडील कारखान्यावर, फोनवर परवानगी घेतली, वडील म्हणले, "सर तुमच्या भरवशावर पाठवायलो, पर तिला तिथं खायाला घाला." रात्रीची एसटी, सकाळी स्वारगेट, तिथंच तोंड धुतलं, पोहे खाल्ले आणि सेंटरवर गेलो. पेपर संपल्यावर ती बाहेर आली ती खूश होऊनच, म्हणली सर दोन प्रश्न पूर्ण सोडवले. बाकावर बसून आम्ही पेपर परत बघितला. एका प्रश्नात "ॲट लीस्ट ३" असं होतं. तिला लीस्ट म्हणजे सगळ्यात कमी एवढं माहीत होतं, म्हणून तिनं ते ३ किंवा ३ पेक्षा कमी असं धरलं. होतं ते उलटं, कमीत कमी ३. एकाच प्रश्नाचे तीन भाग असतात ना, तिन्ही गेले. मी तिला मराठीत सांगितलं, "कमीत कमी तीन म्हणजे तीन किंवा त्याच्यावर." तिनं वही घेतली आणि एसटीची वाट बघत बघत दहा-बारा मिनिटात तिन्ही उत्तरं काढली, तिन्ही बरोबर. मग काही बोललीच नाही, धारूरपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होती. मला आजही ते आठवलं की कसंतरी होतं. तिचं कॉम्प्युटरचं डोकं तपासायला नेलं होतं आणि तपासलं गेलं इंग्रजी.

आता ह्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ऐका. जागतिक ऑलिंपियाडला जी चार-चार मुलं वेगवेगळ्या देशातून येतात त्यांना पेपर त्यांच्या भाषेत मिळतो. पेपरच्या आदल्या रात्री प्रत्येक देशाचे टीम लीडर जागून प्रश्नांचं भाषांतर करतात, जपानच्या पोराला जपानीत, इराणच्या पोराला फारसीत. म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीला मान्य आहे की ही भाषेची परीक्षा नाही. आणि आपल्याकडं पहिल्या पायरीचे माझ्या हातात आलेले सगळे पेपर इंग्रजीत. नीट मराठीत देता येते, जेईई मेन २०२१ पासून मराठीत देता येते, होमी भाभा बालवैज्ञानिकची परीक्षा मराठीत असते, बेब्रास नावाची लिथुआनियातून २००४ ला सुरू झालेली कोड्यांची स्पर्धा आहे ती सुद्धा भारतात मराठीत होते आणि आमची पाचवी-सहावीची लेकरं ती आवडीनं सोडवतात. मग चार प्रश्नांचा एक पेपर मराठीत करायला काय अवघड आहे? चारच प्रश्न आहेत हो.

दुसरं सेंटरचं. शाळेतल्या स्कॉलरशिप परीक्षेची सेंटरं अगदी तालुक्याला असतात, तिथं बुद्धिमत्तेचा पेपर मराठीत होतो, सुपरवायझर असतात, सीलबंद पाकिटं येतात, सगळं व्यवस्थित होतं. लेखी पेपर आहे, कॉम्प्युटर नको, नेट नको, मग मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यात किमान प्रत्येक जिल्ह्याला एक सेंटर का होऊ नये? नांदेड, संभाजीनगरला इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, लातूर तर परीक्षांचंच गाव आहे. पुण्याला जाऊन यायला तीन लेकरं आणि मी, एसटी आणि जेवण धरून जो खर्च आला तो मी केला, त्याचं काही नाही, पण त्या खर्चामुळं मी वर्गातून तीनच लेकरं निवडली हे मला लागतं. बसायला तयार अकरा होती.

शाळेत मुलांनी हातानं वस्तू बनवून बघायच्या केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅबला २० लाख रुपये मिळतात, केंद्राच्या बजेटमध्ये अजून ५० हजार लॅबची घोषणा झालीय, आनंदच आहे. पण एका शाळेत मी थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकच्या कव्हरमध्ये बघितलाय, काढून दाखवायची मुलांना परवानगी नव्हती, खराब होईल म्हणून. केंद्राच्या इन्स्पायर योजनेत विज्ञानाच्या मॉडेलसाठी मिळणाऱ्या १० हजारातून लेकरू स्वतः काहीतरी जोडतं तेव्हा ते पैसे सार्थकी लागतात, पण प्रदर्शनात दुकानातून आणलेली मॉडेलं मांडलेली बघून वाईट वाटतं. मुलाला विचारलं हा सेन्सर काय करतो तर पप्पांकडं बघतंय.

पालकांना एवढंच सांगतो की मोबाईलवरच्या कोडिंग क्लासला हजारो रुपये भरायच्या आधी जुने पेपर बघा, ते नेटवर फुकट आहेत, उत्तरांसकट. मी त्यातल्या बऱ्याच प्रश्नांचं मराठी करून ठेवलंय, दोनशे पानी तीन वह्या भरल्यात. ॲट लीस्टला कमीत कमी, ॲट मोस्टला जास्तीत जास्त, ॲडजसंटला शेजारशेजारचे, असे नेहमी येणारे शब्द एका पानावर वेगळे लिहिलेत, ते पान आमच्या वर्गात भिंतीला चिकटवलंय. मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेला, शिक्षकाला ह्या वह्या झेरॉक्स करून न्यायच्या असतील तर तुमच्या कार्यालयात माझा पत्ता ठेवलाय, त्यांनी मागून घ्यावा. आणि इंजिनिअरिंगची जी पोरं सुट्टीला गावाकडं येतात त्यांनी एखादा शनिवार आमच्याकडं यावं, माझं कोडिंग एका मर्यादेपर्यंत आहे, ग्राफच्या (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या गणिताच्या) पुढचं शिकवायला मला माणूस पाहिजे.

ती मुलगी आता इंजिनिअरिंगला आहे. मागच्या सुट्टीत आली होती, दोन शनिवार तिनंच घेतले.

आपला,
एक कॉम्प्युटर शिक्षक
ता. धारूर, जि. बीड
(नाव छापू नये ही विनंती)