जुन्या संगणकावर लिनक्स घालताना फाइल सिस्टिम कोणती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ न चालणारे संगणक आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या वाचनालयांत, पतसंस्थांत, शाळांत आणि डीटीपीच्या दुकानांत अजून धडधाकट आहेत. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्सचा मिंट किंवा उबुंटू हा प्रकार घालणे हा सरळ मार्ग आहे. मात्र डिस्कवर फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवण्याची पद्धत, कोणती हवी, याचा विचार तेव्हाच व्हायला हवा. नंतर ती बदलायची म्हणजे बहुधा सगळा डेटा बाहेर काढून डिस्क पुन्हा फॉरमॅट करणे आले.

आपल्याकडचा मुख्य शत्रू म्हणजे अचानक जाणारा करंट. वळवाचा पाऊस सुरू झाला की दिवसात चार-पाच वेळा संगणक धाडकन बंद होतो. एकच डिस्क, चार जीबी रॅम आणि बेभरवशाची वीज असेल, तर ईएक्सटी४ (ext4) ही फाइल सिस्टिम घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. इन्स्टॉलरने सुचवलेला पर्याय तसाच ठेवला तरी मिंट आणि उबुंटूवर तीच मिळते. डिसेंबर २००८ पासून ती लिनक्सच्या गाभ्यात (कर्नेलमध्ये) स्थिर म्हणून आहे आणि बिघडली तर दुरुस्त करणारी साधने चांगली मुरलेली आहेत.

ईएक्सटी४ मध्ये जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, असते. कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे, या नोंदीतला बदल आधी जर्नलमध्ये लिहिला जातो, मग मूळ जागी. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी जर्नल वाचून अर्धवट राहिलेले काम पुरे होते. मात्र जर्नल सांभाळते ते डिस्कवरच्या नोंदींची घडी. तुम्ही आत्ता टाइप केलेला मजकूर नव्हे. प्रोग्रॅमने ‘लगेच डिस्कवर लिही’ असा आदेश दिला नसेल, तर नवा मजकूर साधारण ३० सेकंद मेमरीतच पडून राहू शकतो. तेवढ्यात करंट गेला की तो गेला. कोणत्याही फाइल सिस्टिमवर हे घडते. वेग वाढवण्यासाठी माउंटच्या (डिस्क वापरासाठी जोडण्याच्या) पर्यायांत ‘बॅरिअर’ बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. बॅरिअर बंद केला की डिस्कच्या कॅशमधून (तात्पुरत्या मेमरीतून) जर्नल योग्य क्रमाने उतरण्याची हमीच राहत नाही.

कधीकधी वीज आल्यावर पडद्यावर ‘इनिट-रॅम-एफएस’ अशी अक्षरे येतात आणि एफएससीके (fsck, फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारे साधन) हाताने चालवा असा संदेश दिसतो. इथे घाईने सगळ्या प्रश्नांना ‘वाय’ (होय) दाबणे महागात पडते. एफएससीके डिस्कवर लिहिते. डिस्कच मरायला टेकली असेल तर त्या लिहिण्याने उरलेलेही हातचे जाते. म्हणून आधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून स्मार्टसीटीएल (smartctl) या साधनाने डिस्कची तब्येत पाहावी. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (डिस्कला नीट वाचता न आलेले तुकडे) समोर शून्याहून मोठा आकडा असेल तर प्रथम तितक्याच किंवा त्याहून मोठ्या दुसऱ्या डिस्कवर डीडीरेस्क्यू (ddrescue) या प्रत काढणाऱ्या साधनाने पूर्ण प्रत काढावी आणि एफएससीके त्या प्रतीवर चालवावे. आकडा शून्य असेल तर मूळ डिस्कवर चालवायला हरकत नाही, पण ती माउंट नसतानाच. दुरुस्तीनंतर नाव हरवलेल्या फाइली ‘लॉस्ट अँड फाउंड’ या फोल्डरमध्ये नुसत्या क्रमांकाने सापडतात. त्या न बघता पुसू नयेत.

चालू कामात अचानक एकही फाइल सेव्ह होईना, फक्त वाचता येतात, असे झाले तर तो व्हायरस नव्हे. उबुंटू आणि मिंट मूळ विभाजनावर चूक आढळताच ते ‘फक्त वाचन’ स्थितीत नेतात, म्हणजे नुकसान पुढे सरकत नाही. अशा वेळी पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नये. डीमेसेज (dmesg, गाभ्याने नोंदवलेले संदेश) पाहावा. त्यात ‘आय-ओ एरर’ दिसले तर केबल किंवा डिस्क तपासावी. पुष्कळदा दहा वर्षे जुन्या संगणकात साटा केबलच सैल झालेली असते.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक अडचण आधीच ओळखून ठेवावी. ईएक्सटी४, एक्सएफएस (XFS) आणि बीटीआरएफएस (Btrfs) या लिनक्सच्या तिन्ही फाइल सिस्टिमवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह, त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त वेगळे धरून, ३ बाइट घेते. ‘ग्रामपंचायत’ एवढा एकच शब्द ३३ बाइटचा होतो. म्हणजे नावात जेमतेम ८५ चिन्हे मावतात. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमवर मर्यादा २५५ चिन्हांची असल्याने तिथे ठरावाचा अख्खा विषय फाइलच्या नावात लिहिलेला चालून जातो. लिनक्सवर आणताना तीच फाइल ‘नाव फार लांब’ म्हणून मागे राहते. शेकडो फाइलींत अशा चार-दोन सुटल्या तर कळतही नाही. म्हणून कॉपीपूर्वी नावे आखूड करावीत आणि कॉपीनंतर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवावी.

जुने ग्रंथ, दैनिकांचे अंक, जमिनीचे उतारे असे स्कॅन वर्षानुवर्षे ठेवायचे असतील तर मात्र मी दोन डिस्कवर आरसा (दोन्हींवर एकसारखी प्रत) करून बीटीआरएफएस सुचवीन. ईएक्सटी४ मजकुराची बेरीज-तपासणी (मजकूर बदलला का, हे ओळखणारा आकडा) ठेवत नाही. डिस्कने एखादा बिट चुकीचा परत दिला तरी तिला कळत नाही, आणि खराब झालेले स्कॅन मुकाट्याने बॅकअपमध्येही जाते. बीटीआरएफएस प्रत्येक तुकड्याची अशी बेरीज, म्हणजे चेकसम, ठेवते आणि दुसऱ्या डिस्कवरच्या चांगल्या प्रतीने चूक दुरुस्त करते. त्यासाठी डेटा आणि मेटाडेटा (फाइलींच्या नोंदी) दोन्हींना ‘रेड-१’ हा आरशाचा प्रकार द्यावा आणि महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे सगळ्या डिस्कची चेकसम-तपासणी, चालवावी. अनेक डिस्कवर डेटा पसरवणारे तिचे रेड-५ आणि रेड-६ हे प्रकार वापरू नयेत. वीज जाणाऱ्या ठिकाणी तर मुळीच नाही. एक डिस्क मेल्यावर संच आपोआप माउंट होत नाही, ‘डिग्रेडेड’ पर्याय द्यावा लागतो. हे संगणकाशेजारी कागदावर लिहून ठेवावे. जागा काठोकाठ भरू देऊ नये, १०-१५ टक्के मोकळी असावी. हिशेबाचा डेटाबेस त्याच डिस्कवर असेल तर त्याच्या फोल्डरला, ते रिकामे असतानाच, ‘चॅटर प्लस सी’ (chattr +C) ही आज्ञा द्यावी, नाहीतर फाइलीचे असंख्य तुकडे पडून काम संथ होते. मात्र त्या फोल्डरला चेकसमचे संरक्षण उरत नाही.

स्वस्त यूएसबी खोक्यातल्या डिस्कवर बीटीआरएफएस नको. काही खोकी ‘लिहिले’ असे खोटेच कळवतात. मग वीज गेली की ‘पॅरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड’ अशी चूक येते आणि डिस्क उघडतच नाही. तेव्हा ‘चेक रिपेअर’ ही दुरुस्तीची आज्ञा हा पहिला उपाय नव्हे. आधी फक्त वाचनासाठी माउंट करून पाहावे, जमले नाही तर ‘बीटीआरएफएस रिस्टोअर’ने फाइली दुसरीकडे काढाव्यात.

एक्सएफएस मोठ्या सर्व्हरवर उत्तम, पण विभाजन लहान करता येत नाही, म्हणून लहान संगणकावर तिची निकड नाही. झेडएफएस (ZFS) ही आणखी एक फाइल सिस्टिम लिनक्सच्या गाभ्याबाहेर आहे. लिनक्सच्या काही प्रकारांत गाभा अद्ययावत झाला की तिचे मॉड्यूल (गाभ्याला जोडायचा भाग) जुळवत बसावे लागते. पेनड्राइव्हवरच्या फॅट३२ आणि एक्सफॅटला जर्नल नसते, त्यामुळे एकुलती एक प्रत तिथे ठेवू नये. फक्त बॅकअपसाठी ठेवलेल्या ईएक्सटी४ डिस्कवर ५ टक्के राखीव जागा सुटते, म्हणजे १ टीबीवर सुमारे ५० जीबी. ती ‘ट्यून-टू-एफएस’ (tune2fs) या साधनाने १ टक्क्यावर आणता येते. मूळ सिस्टिमच्या विभाजनावर मात्र ती तशीच राहू द्यावी.

राहिला यूपीएस. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते आणि दोन-तीन वर्षांत ती उतरते. दिवा मात्र हिरवाच राहतो. संगणक बंद ठेवून यूपीएसला साठ वॅटचा बल्ब लावावा आणि भिंतीवरचे बटण बंद करावे. बल्ब पाच मिनिटेही टिकला नाही तर नवा यूपीएस घेण्याआधी नुसती बॅटरी बदलून पाहावी. लेझर प्रिंटर त्या यूपीएसवर लावू नये. तापताना तो इतका करंट ओढतो की त्याच क्षणी संगणकही बंद पडतो.

आपला वाचक,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक,
शहापूर, बेळगाव