ढालींसाठी घोकंपट्टी

नेरुळ, सीवूड्स, खारघर भागात सहा-सात वर्षांच्या मुलांना केंब्रिजच्या ‘स्टार्टर्स’ या इंग्रजी परीक्षेला बसवण्याची चढाओढ दिसते. शिकवणीवाले ‘१५ पैकी १५ ढाली’ (या परीक्षेत गुणांऐवजी प्रमाणपत्रावर ढालीची चित्रे मिळतात) मिळवून देण्याच्या जाहिराती सोसायट्यांच्या फाटकांवर चिकटवतात. या परीक्षेत मुळात कोणी नापासच होत नाही, हे मात्र त्यात नसते. ऐकणे, वाचन-लेखन आणि बोलणे या तीन भागांत प्रत्येकी पाचपर्यंत ढाली आणि परीक्षा दिलेल्या प्रत्येक मुलाला प्रमाणपत्र. लहानग्यांना धास्ती वाटू नये म्हणूनच ही रचना. तोंडी भागात चित्र दाखवून साधे प्रश्न विचारतात, त्यासाठी मुलांचे संध्याकाळचे खेळणे बंद! (फी किती, ते न विचारलेलेच बरे.)

पहिलीच्या प्रवेशाला प्रमाणपत्र कामी येते, असेही पालकांच्या गळी उतरवले जाते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा वा मुलाखत घेता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. महापालिकेच्या शिक्षण विभागाने प्रवेशाच्या हंगामात हे कलम प्रत्येक शाळेच्या दर्शनी फलकावर मराठीत लावायला सांगावे.

– एक आजोबा, नेरुळ, नवी मुंबई