देव उसने नाहीत, हीच अडचण

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या टिपणात, कल्पित लोकांची पुराणं रचणारे कादंबरीकार ‘देव उसने आणतात’, असा ठपका ठेवला आहे. मी मुद्रितशोधक आहे. अशी बाडं माझ्या टेबलावर नेहमी येतात आणि माझी कुरकुर नेमकी उलटी आहे.

मध्यंतरी एक बाड आलं. डोंगरातल्या एका कल्पित जमातीचे ३२ देव आणि परिशिष्टात त्यांची वंशावळ. पाऊस एकाकडे, भट्टी दुसऱ्याकडे, उंबरठा तिसऱ्याकडे. कोणी कोणाच्या हद्दीत पाय टाकत नाही. कचेरीतलं कामवाटपच जणू. हजार वर्षांत या जमातीतल्या एकाही आजीनं गोष्ट सांगताना नावांची गल्लत केली नाही, हे कसं पटावं?

खऱ्या देवांची अशी बडदास्त कोणी ठेवलेली नाही. आकाशाचा देव द्यौस् ऋग्वेदातच अडगळीत पडल्यासारखा दिसतो. त्याच्याच नावाचा भाऊबंद झ्यूस मात्र ग्रीकांकडे देवांचा राजा. ऋग्वेदात वरुणाला मानानं ‘असुर’ म्हटलं आहे, आणि पुढे तोच शब्द देवांच्या वैऱ्यांना चिकटला. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात तर अहुर (म्हणजे असुर) पूज्य आणि दएव (म्हणजे देव) दुष्ट! इंग्रज लेखक टॉल्किन यांनी ‘द हॉबिट’ या कादंबरीत (१९३७) बुटक्यांची नावं एका जुन्या नॉर्स काव्यातल्या यादीतून उचलली. त्या यादीत गॅन्डाल्फ हे नावही बुटक्याचंच आहे. कादंबरीत ते जादूगाराला मिळालं. म्हणजे उसनवारीनं काही बिघडत नाही. घेतलेली वस्तू वापरून झिजली पाहिजे, एवढंच.

प्राण्यांनाही हे लागू आहे. मकराला कुठे हत्तीची सोंड, कुठे माशाची शेपटी. जावामधल्या बोरोबुदुरच्या बौद्ध स्तूपात तो जिन्याच्या कडेला दगडात बसला आहे, आणि त्याच्याच नावावरून आलेली आपली ‘मगर’ साधी चार पायांची. नुसती झीज नव्हे, मधेच सोंडही गळाली.

त्या बाडाच्या समासात मी पेन्सिलीनं लिहिलं : ‘उंबरठ्याच्या देवाचं नाव लोक विसरले आहेत, पण ठेच लागली की अजून कपाळाला हात लावतात, असं चालेल का?’ (हे माझं काम नव्हे, कबूल. मी ऱ्हस्व-दीर्घ बघायचं.) लेखकाचा निरोप आला : ‘नाव नसेल तर वंशावळीत कुठे बसवू?’

दुसऱ्या मुद्रितात देव ३१ होते. उंबरठ्याचाच गाळला होता.

– एक मुद्रितशोधक