चौकट दुरुस्त करावी

महोदय,

रासायनिक अभियंते प्रा. मनमोहन शर्मा यांच्यावरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. पद्मभूषण १९८७, रॉयल सोसायटीची फेलोशिप १९९०, पद्मविभूषण २००१, सगळी साले बिनचूक. त्याबद्दल आभार. केंब्रिजमधले त्यांचे गुरू डँकवर्ट्स यांनी १९४० साली लंडनवर पडलेले पॅराशूट सुरुंग निकामी करून जॉर्ज क्रॉस मिळवला, यालाही आपण अख्खा परिच्छेद दिलात. त्याच डँकवर्ट्सनी १९५१ साली मांडलेल्या पृष्ठ-नूतनीकरणाच्या (द्रवाचा पृष्ठभाग खालून येणाऱ्या ताज्या द्रवाने सतत बदलत राहतो, या) सिद्धान्ताच्या वाट्याला अर्धी ओळही आली नाही. सुरुंग फुटतो, सिद्धान्त फुटत नाही, तेव्हा तेही समजून घेता येईल.

समजून घेता येत नाही ती लेखाखालची रंगीत चौकट. शर्मांच्या संशोधनाचे सार म्हणून तिथे सांगितले आहे की वायू आणि द्रव जितके जोरात ढवळाल तितकी अभिक्रिया वेगाने होते. एवढेच शिकायचे असते तर माटुंग्याहून केंब्रिजला जायची गरज नव्हती! वयाच्या २७व्या वर्षी प्राध्यापक होऊन यूडीसीटीत (मुंबई विद्यापीठाच्या माटुंग्यातल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात) परतल्यावर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जे काम उभे केले, त्याचा मोठा भाग नेमका या प्रश्नाभोवती आहे: ढवळण्याचा परिणाम कधी होतो, कधी होत नाही, आणि होत नसेल तेव्हा त्याचा उपयोग कसा करून घ्यायचा.

कार्बन डायऑक्साइड आणि कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण) घ्या. सुमारे १० सेंमी व्यासाचे काचेचे भांडे, त्यात १ मोलर (लिटरला १ मोल) कॉस्टिक, वर हवेत मिसळलेला कार्बन डायऑक्साइड, आणि स्टरर इतका सावकाश की द्रवाचा पृष्ठभाग सपाट राहावा. वायूचा रेणू पृष्ठभागाखाली जेमतेम एक मायक्रॉन जातो न जातो तोच त्याची अभिक्रिया होऊन गेलेली असते. स्टररचे फेरे दुप्पट करा, शोषणाचा वेग जागचा हलत नाही. (हलला, तर बहुतेक पृष्ठभागावर लाटा उठताहेत, फेरे कमी करा.) या अवस्थेत वेग ठरतो तो वेग-स्थिरांक, विसरणांक (वायू द्रवात किती झपाट्याने पसरतो तो आकडा), विद्राव्यता आणि पृष्ठभागाचे क्षेत्रफळ यांवर. भांड्यातले क्षेत्रफळ फूटपट्टीने मोजता येते, म्हणून दर चौरस सेंटिमीटरला किती वायू शोषला जातो ते इथे आधी काढून ठेवायचे. मग तेच द्रावण आणि तोच वायू मोठ्या टाकीत किंवा पॅक्ड कॉलममध्ये (लहान तुकडे भरलेल्या उभ्या नळकांड्यात) घ्यायचा, एकूण शोषण मोजायचे आणि भागाकार करायचा. हाती येते ते टाकीतल्या हजारो बुडबुड्यांचे एकूण क्षेत्रफळ. टाकीत जोरात ढवळल्यावर वेग वाढतो हे खरे, पण तो बुडबुडे बारीक होऊन क्षेत्रफळ वाढते म्हणून. चौकट लिहिणाऱ्याने हा फरकच पुसून टाकला.

आणि यात फसायला जागा भरपूर आहेत. निव्वळ कार्बन डायऑक्साइड वापरला की संपले. २५ अंशांना, १ वातावरण दाबाला तो लिटरमागे सुमारे ०.०३४ मोल विरघळतो, आणि एका रेणूमागे हायड्रॉक्साइड दोन लागतात. म्हणजे १ मोलर कॉस्टिक पुरे पडते ते विरघळलेल्या वायूच्या जेमतेम १५ पट वायूला. टाकीतला हट्टा अंक (अभिक्रियेमुळे शोषण किती पट वाढू पाहते ते सांगणारा आकडा) मात्र ४०च्या घरात असतो. पृष्ठभागालगतचे कॉस्टिक संपते, नवे खालून यावे लागते, पुन्हा ढवळण्यावर सगळे अवलंबून, आणि काढलेले क्षेत्रफळ खोटे. वायूचे प्रमाण ५ टक्क्यांवर आणले की तेच १५ वाढून ३००च्या आसपास जातात आणि काम निभावते. पण मग वायूच्या बाजूच्या पापुद्र्याचा (पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ थराचा) अडथळा नगण्य आहे ना, हे वेगळे तपासावे लागते. किती कॉस्टिक उरले ते मोजायला नमुना टायट्रेट करतानाही तीच गत. आधी जास्तीचे बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेट खाली बसवायचे, मग फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा रंग जाईपर्यंत आम्ल सोडायचे. बेरियम विसरले तर कार्बोनेटही बायकार्बोनेट होईपर्यंत आम्ल खाते आणि शोषण बरोबर निम्मे दिसते. क्षेत्रफळ मोजायच्या दुसऱ्या, सल्फाइटच्या पद्धतीत (सल्फाइटच्या द्रावणात ऑक्सिजन शोषवायचा) उत्प्रेरक कोबाल्टचे प्रमाण किंवा पीएच जरा सरकला की वेग बदलतो. शिवाय क्षारांच्या द्रावणात बुडबुडे सहसा एकमेकांत मिसळत नाहीत, साध्या पाण्यातल्यापेक्षा लहान राहतात, म्हणून तिथे मिळालेला आकडा उचलून पाण्याला चिकटवता येत नाही.

प्राध्यापकाची कारकीर्द म्हणतात ती ही. एकेका विद्यार्थ्याने एकेक अभिक्रिया घ्यायची, ती कुठल्या अवस्थेत मोडते ते ठरवायचे, स्थिरांक काढायचे, आणि पुढच्याने त्यावर टाकीचा आकार बेतायचा. या मुशीतले ज्येष्ठराज जोशी त्याच संस्थेचे संचालक झाले, गणपती यादव कुलगुरू झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या दोराईस्वामींबरोबर शर्मांनी विषमांगी (वायू-द्रव अशा वेगळ्या अवस्थांतल्या पदार्थांमधल्या) अभिक्रियांवर लिहिलेला द्विखंडी ग्रंथ १९८४ साली आला. आपल्या लेखात ग्रंथाचा उल्लेख नाही. सत्काराच्या शालीचा रंग आहे.

जाता जाता आणखी एक. त्याच चौकटीत वस्तुमान-स्थानांतराचा गुणांक मीटर प्रतिसेकंद या एककात दिला आहे. १० चा उणे ४ घात हवा होता, उणे चिन्ह गळाले आहे. म्हणजे दहा कोटी पटींची चूक, आणि वायू सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने द्रवात घुसतो असा त्याचा अर्थ. आपल्या पुरवणीत घातांक नेहमीच असे गळतात किंवा खाली उतरून शेजारच्या आकड्याला चिकटतात. शेअर बाजाराच्या पानावर मात्र दशांशचिन्ह कधी हललेले दिसत नाही, तेव्हा छपाई यंत्राचा दोष नसावा. दुरुस्ती छापणार असाल तर त्या पानाचे प्रूफ वाचणाऱ्याकडे ती द्यावी.

आपला,
केमिकल इंजिनीअरिंगचा एक अध्यापक