मुलांच्या लीगला बढती-घसरण नको

अमेरिकेतील फुटबॉलमध्ये (सॉकरमध्ये) बढती-घसरण, म्हणजे हंगामाअखेर अव्वल संघांना वरच्या गटात आणि तळाच्यांना खालच्या गटात पाठवण्याची पद्धत, यावरचा रविवारच्या अंकातील लेख वाचला. तिथल्या यूएसएल (युनायटेड सॉकर लीग) या लीग संघटनेच्या क्लबमालकांनी मार्च २०२५ मध्ये पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांसाठी ही पद्धत मान्य केली, ते योग्यच. पण ती मुलांच्या लीगमध्येही सर्वत्र आणावी, हे लेखातले म्हणणे पटत नाही. बारा वर्षांखालील संघाने मिळवलेली बढती पुढल्या वर्षी उपभोगणार कोण? तोवर कित्येक मुले दुसऱ्या क्लबात गेलेली असतात. न्यू जर्सीतल्या आमच्या स्थानिक लीगमध्ये गट वरखाली होतातच. खालच्या गटात जाण्याच्या धास्तीने प्रशिक्षक धिप्पाड मुलांनाच खेळवतात. गेल्या शनिवारी माझा मुलगा पूर्ण सामना बाकावर होता. नडगीवर शिनगार्ड बांधलेले, मोजे कोरे करकरीत. फी मात्र आम्ही वर्षाची भरली आहे, आणि ती काही थोडीथोडकी नाही.

– एक पालक, न्यू जर्सी