गावातला कॉम्प्युटर नेमका कोणाच्या जबाबदारीवर? माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्याकडे घरगुती मशिनी थोड्या येतात, कामाच्या जास्त. दाखले आणि अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रांच्या, शाळांच्या, पतसंस्थांच्या, अडत्यांच्या. जुलैत तर टेबलावर जागा उरत नाही. खरिपाच्या पीक विम्याची मुदत एरवी ३१ जुलैची असते आणि केंद्रावरचा कॉम्प्युटर नेमका त्याच आठवड्यात बसतो. केंद्रचालक सीपीयू मोटारसायकलला बांधून आणतो. "भाऊ, फायली उघडूनच नाही राहिल्या, अन् दारात कास्तकार उभे आहेत." असं वाक्य ऐकलं की मशीन उघडायच्या आधीच मला साधारण अंदाज येतो.

आत बहुतेक वेळा क्रॅक केलेली, म्हणजे परवाना न घेता चालवलेली विंडोज असते. कधी विंडोज १०, तर कधी अजूनही विंडोज ७. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला थांबवली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ टाका म्हणावं, तर तिला टीपीएम २.० ही मशिनीतली सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. आमच्याकडच्या अर्ध्याअधिक मशिनी त्या परीक्षेत नापास होतात. म्हणजे चालक नवा कॉम्प्युटर घेणार, नाहीतर आहे त्यावरच रेटणार. तो रेटतो. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं.

क्रॅकची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण मंत्रालयात ती कोणी सांगत नसेल. फुकटची विंडोज किंवा ऑफिस चालू करणारं जे छोटं सॉफ्टवेअर असतं, ते सुरू करण्याआधी 'अँटिव्हायरस बंद करा' असं त्याच्या सूचनेतच लिहिलेलं असतं. माणूस बंद करतो. काम झाल्यावर पुन्हा चालू करायचं राहून जातं. अशाच क्रॅकच्या पोटातून स्टॉप-डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर वर्षानुवर्षं पसरत आलंय. ते सगळ्या फायलींना कुलूप लावतं, प्रत्येक फायलीच्या नावामागे स्वतःचं एक शेपूट जोडतं आणि एक चिठ्ठी ठेवून जातं: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिले तर ४९०. आता पीक विम्याचे अर्ज भरून पोट चालवणारा पोरगा डॉलर कुठून आणणार? त्यात अडकलेल्या असतात लोकांच्या सातबाऱ्याच्या प्रती, पासबुकाचे फोटो, जातीच्या दाखल्यांचे स्कॅन. २०१९ मध्ये एमसिसॉफ्ट या कंपनीने याच्या जुन्या प्रकारांसाठी मोफत चावी काढली. युरोपोल आणि डच पोलिसांनी इतरांना सोबत घेऊन २०१६ पासून चालवलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावरही अशा चाव्या फुकट मिळतात. काही फायली मी त्यातून सोडवल्या आहेत. नव्या प्रकारांत मात्र बहुतेक वेळा हात टेकावे लागतात.

दुसरी वाट पेन ड्राइव्हची. आमच्याकडे लाइन जाते, नेट जातं, म्हणून फाइल खिशातून फिरते. शाळेतून पंचायत समितीत, तिथून झेरॉक्सवाल्याकडे, तिथून पुन्हा शाळेत. शॉर्टकट व्हायरस असाच गावभर होतो. खरं तर तो फायली पुसत नाही, फक्त लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतो. एका कमांडने त्या परत दिसतात. पण हे माहीत नसल्याने घाबरून लोक पेन ड्राइव्ह फॉरमॅट करतात आणि नुकसान व्हायरसपेक्षा त्या फॉरमॅटनेच जास्त होतं.

मला खरी भीती वाटते ती आवाज न करणाऱ्या मालवेअरची, म्हणजे घातक सॉफ्टवेअरची. ते गुलाबी बोंडअळीसारखं आहे, बोंड बाहेरून टवटवीत आणि सरकी आतून खाल्लेली. कॉम्प्युटर नीट चालतो, प्रिंट निघतात आणि ब्राउझरमध्ये सेव्ह करून ठेवलेले पासवर्ड मागच्या मागे कोणाकडे तरी पोचलेले असतात. केंद्रचालकाचा लॉगिन म्हणजे त्याची एकट्याची वस्तू नसते, साहेब. त्याच्यामागे अख्ख्या गावाचे आधार क्रमांक आणि बँक खाती असतात.

इथेच माझा मूळ प्रश्न आहे. हा कॉम्प्युटर कोणाचा? विकत घेतो केंद्रचालक. इन्व्हर्टर, प्रिंटर, नेटचं बिल, सगळं त्याचंच. पण त्यावर काय काम होणार, त्याचं शुल्क किती, मुदत कोणती, हे सरकार ठरवतं. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. तेव्हापासून दाखले, नंतर महाडीबीटीचे अर्ज, आता शेतकरी ओळख क्रमांक, एकेक करून सगळं या मशिनीवर येऊन बसलं. ती बिघडली की मात्र ती खासगी मालमत्ता ठरते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीची पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. आमच्या गावात ती सुरक्षा ठेवायची कोणी? क्रॅक विंडोजवाल्या पोराने, की त्याला ही माहिती गोळा करायला बसवणाऱ्या विभागाने? याचं उत्तर तुमच्या विभागाने लेखी द्यावं.

मोठमोठ्यांना हे जमलं नाही, हे मान्य. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्यावरचं अपडेट मार्चमध्येच निघालेलं होतं, फक्त लोकांनी टाकलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाच्या मालवेअरने मुंबईजवळच्या आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम बंद पाडलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्यामुळे दिल्लीच्या एम्स रुग्णालयात नोंदी हाताने लिहायची वेळ आली. पण त्यांच्याकडे सावरायला माणसं होती. आमच्याकडे फार तर मी आहे, आणि मी पैसे घेतो.

आता मोबाईलकडे वळतो, कारण गावातला खरा कॉम्प्युटर तोच. व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम किसानच्या नावाने किंवा आरटीओच्या चलानाच्या नावाने एक एपीके फाइल, म्हणजे अ‍ॅप टाकायची फाइल, येते. माणूस ती टाकतो, ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, तो देतो. त्यानंतर बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. आपण मात्र अजून 'ओटीपी कोणालाही सांगू नका' हेच फलक लावतोय. त्याने कोणाला सांगितलाच नव्हता! फलकावर 'व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं अ‍ॅप टाकू नका' हवं. त्याखाली सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरात हवा, कारण पैसे अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच. पण असा फलक लावायचा तर आधी सरकारी ग्रुप सुधारावे लागतील. कर्मचारीच ग्रुपवर अ‍ॅपच्या लिंका आणि फायली टाकत असतील, तर कास्तकाराने खरं-खोटं ओळखायचं कशावरून?

काय करता येईल? माझ्या मते पहिली गरज माणसाची आहे. तालुक्याला एक तंत्रज्ञ, पगार शासनाचा, काम एवढंच की जूनमध्ये सगळी केंद्रं फिरून मशिनी साफ करायच्या, अपडेट टाकायची, रोजच्या कामाला अ‍ॅडमिन नसलेलं, म्हणजे मशिनीत मोठे बदल करू न देणारं खातं बनवून द्यायचं आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घेऊन ती डिस्क काढून ठेवायला शिकवायचं. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर सोडत नाही, हे सांगूनही पटत नाही, दाखवावं लागतं.

विंडोजचा परवाना शासन देणार नसेल तर विंडोजच्या जागी चालणारी मोफत लिनक्स द्या. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालल्या आहेत, आपल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने 'बॉस' नावाची लिनक्स बनवली आहे, तिच्यात मराठीही आहे. अडचण एकच, पण मोठी: अंगठ्याची मशीन आणि सरकारी पोर्टलं तिच्यावर चालली पाहिजेत. ती अट निविदेत घालणं तुमच्या हातात आहे, माझ्या नाही. एका पोर्टलच्या मदत क्रमांकावर तर मला चक्क सांगण्यात आलं होतं की डिजिटल सही होत नसेल तर अँटिव्हायरस बंद करून बघा. क्रॅकवालेही हेच सांगतात.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. मालवेअर काढण्याची साधनं तिथे मोफत मिळतात. माझ्याकडे येणाऱ्या एकाही केंद्रचालकाने त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं.

मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजलं. नागपूरजवळचं सातनवरी २०२५ मध्ये स्मार्ट गाव झालं. चांगलंच आहे, विदर्भाचं नाव होतं. पण अपडेटची फीत कापता येत नाही, म्हणून त्यासाठी कोणी येत नाही.

एक काम बिनखर्चाचं आहे, ते या खरिपाआधी करा. सेवा केंद्राच्या तपासणीला अधिकारी येतात तेव्हा दरपत्रक लावलंय का, ते बघतात. त्या तपासणीच्या नमुन्यात तीन रकाने वाढवा: कोणती विंडोज, शेवटचं अपडेट कधी, बॅकअप कुठे. आणि भरलेले रकाने तुमच्या विभागात कोणीतरी वाचावेत, एवढी सोय करा.

आपला,
एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला
जि. यवतमाळ